स्कोपचं फोकस आणि स्कोपचं पॅरॅलॅक्स: चाकं दोन आहेत, कामंही दोन आहेत

रायफलीच्या स्कोपमधून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतून, बघताना डोकं हललं की आतला क्रॉस टार्गेटवरून सरकलेला दिसतो, त्या दोषाला पॅरॅलॅक्स म्हणतात. तो गेला का, हे ज्याला विचारावं तो एकच सांगून राहिला, "चित्र क्लिअर दिसतंय ना भो, मग पॅरॅलॅक्स बरोबर आहे." नाही भो. तसं नसतं. वरणगावला गोळ्या बनतात, भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, गावोगाव फौजेतून आलेली माणसं आहेत, त्यामुळं बंदुकीतलं सगळं आपल्याला जन्मतःच कळतं असा आपल्या खान्देशात एक समज आहे, आणि स्कोप घेतल्यावर तो पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

आधी सोपं उरकून टाकू. स्कोपला डोळ्याकडच्या टोकाला, आयपीसवर, एक रिंग असते, तिला डायॉप्टर म्हणतात. ती टार्गेटसाठी नसतेच, ती असते आतला क्रॉस (नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) तुमच्या डोळ्याला काळाभोर आणि धारदार दिसावा म्हणून. कॅमेरा, दुर्बीण वापरलेल्याला फोकस म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, त्यामुळं फक्त पद्धत सांगतो: स्कोप चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडं किंवा कोऱ्या आभाळाकडं धरायचा (सूर्याकडं चुकूनही नाही, डोळा जाईल), रिंग बाहेर फिरवून क्रॉस मुद्दाम धूसर करायचा, मग थोडी थोडी आत घेत यायची, आणि दरवेळी दोन-तीन सेकंदच बघायचं, नजर काढायची, परत बघायचं. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीच्या जागीही क्रॉस छान दिसायला लागतो. एकदा जमलं की लॉक रिंग आवळा, पेंटची बारीक रेघ मारा आणि मग तिला हात लावू नका. चष्म्याचा नंबर बदलला किंवा रायफल दुसऱ्याच्या हातात गेली तरच परत.

दुसरं चाक डाव्या अंगाला टरेटसोबत (नेम वरखाली, डावाउजवा सरकवायच्या बटणांसोबत) असतं, काही स्कोपला पुढच्या काचेच्या घेरावर असतं, त्याला एओ (ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. जागा कुठलीही असो, काम एकच, त्यामुळं साइडवालं चांगलं की एओवालं चांगलं यावर वाद घालणाऱ्यांपासून लांब राहा. हे चाक पॅरॅलॅक्सचं. आणि सगळा घोळ इथंच आहे, कारण हे चाक फिरवलं की टार्गेटपण क्लिअर होतं, मग माणसाला वाटतं हेपण फोकसच.

आत काय होतं ते बघा. पुढची काच टार्गेटचं चित्र नळीच्या आत एका जागी तयार करते. क्रॉस आत दुसऱ्या एका जागी पक्का बसवलेला असतो. चित्र बरोबर क्रॉसच्याच जागेवर पडलं तर दोघं एकमेकांना चिकटल्यासारखे, डोळा कुठूनही बघो, क्रॉस जिथं आहे तिथंच. पण चित्र जरा पुढं किंवा मागं पडलं की मध्ये फट राहते. कापूस वेचणीला ताणकाटा लावतात ना, काटा पुढं आणि आकड्यांची तबकडी मागं, समोरून बघणाऱ्या मालकाला एक वजन दिसतं आणि बाजूला उभ्या मजूर बाईला दुसरं, आणि दोघं आपापल्या जागी खरं बोलत असतात. तीच फट. पॅरॅलॅक्सचं चाक आतली एक काच मागंपुढं सरकवून ही फट बंद करतं, बस, एवढंच त्याचं काम. अंतर बदललं की चित्राची जागा बदलते, म्हणून अंतर बदललं की चाक फिरवायचं.

मग क्लिअर चित्रावर विश्वास का नाही ठेवायचा? कारण फट असली तरी डोळा ती सांभाळून घेतो, आणि वय जेवढं कमी तेवढा जास्त सांभाळतो. वीस वर्षांच्या पोराला चाकाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात सगळं क्लिअरच दिसतं, त्यात नेमकी बिनफटीची जागा एकच. कमी झूमवर तर हा टप्पा अजून पसरतो, म्हणून पॅरॅलॅक्स लावायचं तर फुल झूमवर. आणि त्याहून मोठी भानगड म्हणजे डायॉप्टर चुकीचं असेल तर "सगळ्यात क्लिअर" आणि "फट नाही" या दोन जागा चाकावर वेगवेगळ्याच येतात, मग तुम्ही कितीही मन लावून चित्र धारदार करा, तुम्ही दरवेळी चुकीच्याच जागी जाऊन थांबणार. डायॉप्टर आधी, पॅरॅलॅक्स नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही.

मागं अमळनेरकडं एका शेतावर पोरं मातीच्या बांधाला पुठ्ठे टेकवून .१७७ ची एअर रायफल मारत बसली होती (कागदावर मारत होती म्हणून मी थांबलो, पाखरांवर छर्रे मारणाऱ्यांशी मी बोलत नाही, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसणारा गुन्हा आहे). त्यातला एक वैतागलेला. "काका, स्कोपच खराब निघाला, झीरो टिकत नाही, एकदा जुळवलेला नेम परत सुटतो, दुकानवाला बदलून पण देत नाही." रायफल युरियाच्या गोणीत रेती भरून त्यावर ठेवलेली होती. म्हटलं हात काढ, रायफलला शिवू नको, फक्त मागून बघ आणि डोकं हळूच डावीउजवीकडं हलव. क्रॉस काळ्या टिंबावरून एका बाजूला उतरला, परत मध्ये आला, दुसऱ्या बाजूला उतरला. पोरगं दचकून मागं सरकलं, "अरे, रायफल कोण हलवून राहिलं?" कोणीच नाही. बघितलं तर आयपीसची रिंग जवळपास पूर्ण बाहेर काढलेली, कारण टार्गेट धूसर दिसलं की साहेब तीच फिरवायचे, आणि साइडचं चाक १०० वर, टार्गेट पंचवीस-एक मीटरवर. आधी आभाळाकडं धरून रिंग लावली, मग चाक खाली आणत आणत डोकं हलवत गेलो, क्रॉस टिंबाला चिकटला तिथं थांबलो. स्कोपला काहीच झालेलं नव्हतं.

ही डोकं हलवायची टेस्ट हाच खरा निकाल. चित्र एक सांगतंय आणि टेस्ट दुसरं सांगतेय तर टेस्टचं ऐकायचं. फक्त डोकं जास्त हलवू नका, चित्राच्या कडेला काळी सावली यायला लागते तिथपर्यंतच. वरखालीपण बघा, नुसतं डावंउजवं नाही.

आता किती फरक पडतो, ते आकड्यात, नाहीतर लोक म्हणतात "एवढं काय त्यात". जास्तीत जास्त चूक काढायची तर पुढच्या काचेचा निम्मा व्यास घ्या, त्याला टार्गेटचं अंतर आणि सेट केलेलं अंतर यातल्या फरकानं गुणा, आणि सेट केलेल्या अंतरानं भागा. ४० मिलिमीटरची काच, चाक १०० मीटरवर, टार्गेट १० मीटरवर: २० गुणिले ९० भागिले १००, म्हणजे १८ मिलिमीटर. १० मीटरच्या ऑलिंपिक टार्गेटवर दहाचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं हो! (त्या मॅचला स्कोप चालत नाही, तिथं पीपसाइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट असते, पण मापाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.) टार्गेट २५ वर असेल तर १५ मिलिमीटर. ही चूक डोळा अगदी कडेला गेला तर, पण गाल कुंद्यावर दरवेळी वेगळ्या जागी टेकवणारा माणूस त्यातली निम्मी तर आरामात करतो.

यातली गंमत म्हणजे चूक दोन्हीकडं सारखी नसते. चाक १०० वर आणि टार्गेट १००० मीटरवर असेल तर चूक १८ सेंटिमीटर. चाक १००० वर आणि टार्गेट १०० वर असेल तर फक्त १.८ सेंटिमीटर. म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफलीला शंका असेल तेव्हा चाक लांबच्या बाजूला ठेवलेलं बरं, ते स्वस्तात पडतं. आणि खरं सांगायचं तर १००० मीटरला १८ सेंटिमीटर म्हणजे टरेटच्या ०.१ मिलच्या (मिल हे कोनाचं माप, १००० मीटरला १ मिल म्हणजे १ मीटर) दोन क्लिकसुद्धा नाहीत, तिथं वारा याच्या कितीतरी पट खेळ करतो. पॅरॅलॅक्सचा खरा मार जवळच्या एअर रायफलवाल्यांना बसतो, आणि तेच म्हणतात हे लाँग रेंजवाल्यांचं लफडं आहे. उलटं आहे राव.

चाकावर छापलेले आकडे हे माझं दुसरं दुखणं. ५० लिहिलंय म्हणून ५० वर लावायचं आणि झालं? ते आकडे अंदाजे असतात. फील्ड टार्गेटवाले (वेगवेगळ्या अंतरावरची टार्गेटं एअर रायफलीनं मारायची मॅच खेळणारे) ४०-५० च्या झूमवर साइडला मोठं चाक लावून त्यावरून अंतर काढतात ते खरं आहे, पण ते स्वतःच्या खुणा स्वतः टेपनं मोजून करतात, छापील आकड्याकडं बघतसुद्धा नाहीत. तुम्हीपण चाकावर पांढरी पट्टी चिकटवा, टेपनं अंतर मोजा, टेस्ट करा, पेननं रेघ मारा. आणि रेघेवर येताना दरवेळी एकाच बाजूनं या, मी लांबच्या आकड्याकडून येतो, कारण आत गिअर थोडे सैल असतात, दोन बाजूंनी आलात तर दोन वेगळ्या जागा मिळतील.

ज्यांच्या स्कोपला हे चाकच नाही त्यांनी रडू नये. फिक्स पॅरॅलॅक्स मोठ्या रायफलींच्या स्कोपला बहुधा १०० यार्डावर असतं, रिमफायरच्या (.२२ सारख्या छोट्या गोळीच्या रायफलींच्या) ५० वर, आणि एअर रायफलसाठी स्कोप घेताना दुकानात हेच पहिलं विचारायचं, झूम किती ते नंतर. आहे तोच वापरायचा असेल तर डोकं जरा मागं घ्या, चित्राभोवती काळी गोल कडा दिसेल, ती चारी बाजूंनी सारखी करा आणि मग ट्रिगर. डोळा मध्यावर असला की चूक जवळपास शून्य.

टरेटच्या क्लिकचं माप एमओए (मिलसारखंच कोनाचं दुसरं माप) घ्यायचं की मिल, याची चर्चा मला करायची नाही. क्रॉस आणि टरेट दोन्ही एकाच मापात असले म्हणजे झालं. मी मिल वापरतो कारण १०० मीटरला १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर, हिशोब तोंडी होतो. पहिल्या प्लेनचा क्रॉस (झूमसोबत लहानमोठा होणारा) की दुसऱ्या प्लेनचा (तेवढाच राहणारा), याचाही पॅरॅलॅक्सशी काही संबंध नाही, तो मुद्दा यात घुसवणारे लोक वेगळेच.

आणि हे सगळं मे महिन्यात दुपारी एक वाजता करू नका. आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा जमिनीवरून हवा अशी उकळत असते की क्रॉस हलतोय का टार्गेट हलतंय हेच कळत नाही, लोक त्या थरथरीलाच पॅरॅलॅक्स समजून चाक पिळत बसतात. सकाळी सातच्या आत उरका. पट्टीवरच्या रेघासुद्धा उन्हाळ्याच्या वेगळ्या आणि थंडीच्या वेगळ्या मारा, मे मधली ५० ची रेघ डिसेंबरात थोडी सरकलेली सापडते.