मास्क गळतो तो नाकाशी

मास्क लावल्यावर चष्म्यावर वाफ धरते, कारण नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहिलेली असते. हवा कमी अडथळ्याची वाट धरते. त्यामुळे 2020 मध्ये घरोघरी आणि बचत गटांत वाटपासाठी मास्क शिवले जात असताना ‘जितके पदर जास्त तितकं चांगलं’ हा समज फसवा होता. जाडजूड मास्कमधून श्वास ओढवत नाही, मग हवा गालाशेजारून ये-जा करते आणि सगळे पदर नुसते शोभेला उरतात.

कापडाच्या धाग्यांमधली भोकं बारीक थेंबांपेक्षा बरीच मोठी असतात, तरीही थेंब अडतात. हवा धाग्याला वळसा घालते, पण जड थेंबाला तितक्या झटकन वळता येत नाही आणि तो धाग्यावर आदळतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठेतरी चिकटतात. मधल्या मापाचे, 0.3 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, मात्र सहज निसटतात. म्हणून रुग्णांजवळ काम करणाऱ्यांना हे मास्क द्यायचे नाहीत. बोलताना-खोकताना उडणारे थेंब तोंडापाशीच रोखायला ते ठीक.

कापड दिव्यापुढे धरा. उजेड आरपार दिसला तर वीण विरळ. मलमल इथेच बाद होते. जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2020 मध्ये तीन पदर सुचवले: आत ओल शोषणारं सुती, मध्ये पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचं न विणलेलं कापड, बाहेर ओल न धरणारं पॉलिस्टर किंवा त्याचं मिश्रण. आपल्याकडे याचा सरळ अर्थ आत पॉपलिन, बाहेर टेरिकॉट. मधल्या पदरावर कडक इस्त्री फिरवू नका, तो वितळून इस्त्रीला चिकटतो.

नवं सुती कापड आधी धुवायचंच. खळ जाते आणि जे आटायचं ते शिवण्याआधी आटतं. नाहीतर पहिल्या धुण्यात आतला पदर आखडतो आणि मास्क वेडावाकडा होतो. हिशेबही बदलतो. 36 इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, 9 इंचांचे चार तुकडे बसतात असं कागदावर दिसतं, पण धुतल्यावर पन्हा 35 वर आला की तीनच. त्यापेक्षा 9 इंच लांबीत आणि साडेसात इंच पन्ह्यात घ्या. मीटरभरात 16 तुकडे निघतात, उरलेल्या पट्टीच्या नाड्या होतात.

तिन्ही पदर 9 × 7.5 इंचांचे. सुती आणि टेरिकॉट सुलट बाजू समोरासमोर, त्याखाली मधला पदर. दोन्ही लांब कडांना पाव इंचावर टीप मारून उलटवा. वरच्या कडेखाली 1 सेंटिमीटरवर दुसरी टीप मारली की तारेसाठी बोगदा तयार. अॅल्युमिनियमची 10 सेंटिमीटर तार, टोकं आत वळवून, मधोमध सरकवा. टोकं तशीच सोडली तर चार धुण्यांत कापड फाडून बाहेर येतात.

आता अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या, बाहेरून पाहिल्यावर खाली उघडणाऱ्या. वर उघडल्या तर त्यात धूळ साठते. दोन टिपांत अर्धा इंच गेल्यावर उरलेली 7 इंचांची उंची चुण्यांनंतर बाजूला 4 इंच उरते. चुणीच्या जागी कापडाचे नऊ थर येतात आणि सुई तिथेच मोडते. 16 नंबरची सुई लावा, तेवढ्यापुरतं मशीनचं चाक हातानं फिरवा. तोंडासमोर मधोमध उभी शिवण असलेला नमुना दिसायला छान असतो, पण सुईचं प्रत्येक भोक नेमकं श्वासाच्या वाटेवर पडतं.

इलॅस्टिकचा मोह टाळा. दान द्यायच्या मास्कला कुणाचा चेहरा ठाऊक नसतो आणि गरम पाण्यात इलॅस्टिक सैल पडतं. दीड इंच रुंद, 38 इंच लांब पट्टी दोन्ही काठ आत दुमडून घ्या, मधल्या 4 इंचांत मास्कची बाजू धरा, टोकापासून टोकापर्यंत टीप मारा. नाड्या कुणाच्याही डोक्याला बसतात.

शिवून झाले की साबणाच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, मगच पिशवीत भरा. चुणीत ओल राहिली तर बंद पिशवीत बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते धुऊन जात नाहीत.