टाळी कुठे पडणार, हे वाक्यालाच ठाऊक असतं

पंतप्रधान झाल्यावर चर्चिल ब्रिटिश संसदेत पहिल्यांदा बोलले ते १३ मे १९४० रोजी. रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज आपल्याकडे देण्यासारखं काही नाही, असं त्यांनी सांगितलं. लोकांच्या तोंडी बसलं ते मात्र ‘रक्त, घाम आणि अश्रू’. कष्ट गळाले, क्रमही बदलला. १९४१ मध्ये अमेरिकेत त्यांच्या भाषणांचा संग्रह निघाला, तोही या तीन शब्दांच्याच नावाने. श्रोत्यांनी केलेली दुरुस्ती शेवटी छापून आली म्हणायची.

चाराचे तीन करणाऱ्या या कानाचा अभ्यास फार जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजची जुलमी राजवट कोसळली. बळकावलेल्या जमिनींसाठी लोक न्यायसभेत उभे राहू लागले आणि आपली बाजू ज्याची त्याला मांडावी लागे. तिथेच कोरॅक्स आणि टिसिअस यांनी वक्तृत्वाचे पहिले नियम बांधले, असं परंपरा सांगते. त्याच बेटावरचा वक्ता गॉर्जिअस इ. स. पू. ४२७ मध्ये दूत म्हणून अथेन्सला आला. त्याच्या तोलून बांधलेल्या, एकमेकांवर आपटणाऱ्या वाक्यखंडांनी अथेन्सकर भारावले. प्लेटोला हे मुळीच रुचलं नाही. त्याच्या संवादातला सॉक्रेटिस वक्तृत्वाला पाककलेच्या पंक्तीत बसवतो: जिभेला गोड, पण औषध नव्हे.

अॅरिस्टॉटल मात्र, हे गोड का लागतं, या प्रश्नाच्या मागे लागला. धावणाऱ्याला शेवटची खूण दिसत असेल तर तो थकत नाही. ऐकणाऱ्याचंही तसंच, वाक्य कुठे संपणार हे त्याला आधी दिसायला हवं. माझ्या मते या विषयावर याहून नेमकं फारसं कुणी बोललेलं नाही. (आपल्याकडे अलंकारशास्त्र एवढं फुललं, पण ते काव्याच्या अंगणात. म्हणूनच अनुप्रास आपण कवितेत शोधतो. भाषणात तो कानावरून निघून जातो.)

केनेडींचं २० जानेवारी १९६१ चं वाक्य घ्या. देश तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा. ‘विचारू नका’ कानी पडताच मन ‘विचारा’ची वाट पाहू लागतं. शब्द तेच, जागा उलट. लिंकनचं १८६३ चं गेटिसबर्गचं वाक्य तर भाषांतरातही टिकलं. ‘लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी’ हा मूळ क्रम मराठीत ‘लोकांनी लोकांसाठी चालवलेलं लोकांचं राज्य’ असा फिरला, तरी तिन्ही ‘लोक’ शाबूत आहेत.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणाच्या लिखित मसुद्यात ‘माझं एक स्वप्न आहे’ हा भागच नव्हता. गायिका महालिया जॅक्सन जवळूनच ओरडल्या, ‘त्यांना स्वप्नाबद्दल सांग, मार्टिन!’ स्वप्नाचा तो भाग उत्स्फूर्त होता असं म्हणतात, पण ते पालुपद किंग यांनी आधीच्या सभांतून घोटलेलं होतं. जूनमध्ये डेट्रॉइटलाही ते म्हटलं होतं.

टाळ्यांचा हिशेब मांडला ब्रिटिश अभ्यासक मॅक्स अॅटकिन्सन यांनी. राजकीय सभांच्या ध्वनिफिती पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी १९८४ च्या पुस्तकात दाखवलं की टाळी खेचण्यात तीन पदांची यादी आणि विरोधाची जोडी पुढे असतात. तिसरं पद येणार हे श्रोत्यांना कळलेलं असतं, त्यामुळे सगळे एकदम टाळी देऊ शकतात. कधी कधी तर वक्त्याचा शेवटचा शब्द पुरता व्हायच्या आतच हात वाजू लागतात.