गोवरच्या रुग्णाशी संपर्क आल्यास: अलगीकरणाचे दिवस, लशीची पात्रता आणि लागणारे कागद

बालवाडीतल्या एखाद्या मुलाला गोवर निघाल्याचे कळले की इतर पालकांचा पहिला प्रश्न असतो, आपल्या मुलाला घरी किती दिवस ठेवायचे. त्याचे उत्तर दोन तारखांवरून निघते: आजारी मुलाच्या अंगावर पुरळ कोणत्या दिवशी उठले आणि आपले मूल त्याच्या सहवासात कधी होते. लशीची मुदत, शाळेत परतण्याचा दिवस, दाखल्यातला मजकूर हे सारे याच तारखांवर बेतलेले असल्यामुळे त्या आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने गोल करून ठेवाव्यात.

आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि संपर्कात आलेल्या, पण अजून ठणठणीत असलेल्या माणसाला घरी थांबवणे म्हणजे अलगीकरण. बोलताना दोन्हींना क्वारंटाइनच म्हटले जाते, पण त्यांचे दिवस वेगळे मोजतात. गोवरचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत संसर्ग पसरवतो, आणि लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत २१ दिवसांपर्यंतचा काळ जाऊ शकतो. समजा, पुण्यात धनकवडीतल्या एका मुलाला १० तारखेला पुरळ उठले आणि शेजारचे मूल ८ तारखेला त्याच्याबरोबर खेळले होते. आजारी मुलाने १४ तारखेपर्यंत वेगळे राहावे. शेजारच्या मुलाची लस झालेली नसेल, तर त्याने २९ तारखेपर्यंत शाळा, शिकवणी, लग्नकार्य आणि पीएमपीची बस टाळावी. ८ तारखेला आजारी मुलाला नुसती सर्दी होती, पुरळ नव्हते, म्हणून तो संपर्क सोडून देता येत नाही.

गोवर-रुबेलाची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. दोन्ही डोस झालेल्या मुलाला सहसा घरी थांबवावे लागत नाही. २१ दिवस ताप, खोकला आणि डोळ्यांची लाली यांवर लक्ष ठेवले की पुरते. नऊ महिने पूर्ण झालेल्या मुलाचा एकही डोस झालेला नसेल, तर पहिल्या संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस द्यावी, म्हणजे आजार टळण्याची किंवा सौम्य राहण्याची शक्यता वाढते. वरच्या उदाहरणात ही मुदत ११ तारखेलाच संपते, त्यामुळे ‘पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बघू’ असे म्हणून चालत नाही. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना उद्रेकाच्या काळात जादा डोस दिला जातो, मात्र तो नियमित दोन डोसांत धरत नाहीत. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना ही लस देत नाहीत. त्यांनी, तसेच सहा महिन्यांखालील बाळाच्या पालकांनी, संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठावे, कारण इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन त्याच मुदतीत देता येते. ते घेतल्यास देखरेख २८ दिवस चालते.

लशीसाठी महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात जाताना बाळाचे माता व बाल संरक्षण कार्ड न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या या कार्डावरची शाई पुष्कळदा पुसट झालेली असते, तेव्हा एमआरच्या, म्हणजे गोवर-रुबेला लशीच्या, दोन्ही चौकटींत तारीख वाचता येते का, हे घरीच पाहून घ्यावे. कार्ड हरवले असेल तर जिथे लस घेतली त्या केंद्राच्या नोंदवहीत किंवा यू-विन या सरकारी ऑनलाइन लसीकरण प्रणालीवरच्या नोंदीत शोध घेता येतो. नोंद कुठेच सापडली नाही, तर डोस झाला नाही असे धरून लस देतात, आणि एक डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. कागदासाठी हेलपाटे घालण्यात ७२ तास जाऊ देऊ नयेत, हे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते.

शाळेत परतताना नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला मागितला जाऊ शकतो. त्यात ‘मूल तंदुरुस्त आहे’ एवढेच नको, पुरळ उठल्याची तारीख लिहून घ्यावी.

ताप आणि पुरळ दिसताच आशाताईंना किंवा मनपा दवाखान्याला कळवावे. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेतला जातो. दवाखान्यात जाण्याआधी फोन करावा, कारण रुग्ण उठून गेल्यावरही विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि बाहेरच्या बाकावर तान्ही बाळे मांडीवर घेऊन आया बसलेल्या असतात.

पर्वतीच्या पायथ्याशी एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे स्वतंत्र खोली कुठून आणणार? तिथे खिडकी सतत उघडी ठेवणे, लस न झालेल्या भावंडांची संपर्काची तारीख वेगळी लिहून त्यांची लस तातडीने करून घेणे आणि गरोदर बाईला लगेच डॉक्टरांकडे नेऊन शक्य असल्यास नातेवाइकांकडे वेगळे ठेवणे एवढे तरी करावे. उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण मुलाचे जेवण तोडू नये. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात; दुसऱ्या दिवशीचा डोस चुकवू नये, त्याने डोळे वाचतात. श्वास जोरात चालू लागला, झटका आला, मूल पाणीही पिईना किंवा बुबुळ धुरकट दिसू लागले, तर दिवस मोजत घरी न थांबता त्याला तडक रुग्णालयात न्यावे आणि दारातच गोवरचा संशय असल्याचे सांगावे.