द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ

इंग्रज कळवाद्यवादक (कीबोर्डवादक) रिक वेकमन यांचा, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या सहा राण्यांवरील वाद्यसंगीताचा अल्बम. जानेवारी १९७३ मध्ये ए अँड एम कंपनीने तो प्रकाशित केला. राणीगणिक एक अशा सहा रचना, एकूण वेळ सुमारे ३६ मिनिटे. गाणे एकही नाही. मधूनमधून स्त्रियांचे आवाज येतात, तेही वाद्यांत एक वाद्य म्हणून मिसळलेले.

वेकमन (जन्म १९४९) लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत होते, पण शिक्षण अर्धवट सोडून ते स्टुडिओत वादक म्हणून काम करू लागले. इंग्रज गायक डेव्हिड बोवी यांच्या ‘लाइफ ऑन मार्स?’ या गाण्यातला पियानो त्यांचाच. १९७१ मध्ये ते ‘येस’ या रॉक बँडमध्ये आले. बँडच्या अमेरिका दौऱ्यात एका विमानतळावर त्यांनी हेन्रीच्या खाजगी आयुष्यावरचे पुस्तक विकत घेतले आणि त्यातून त्यांना विषय मिळाला. १९७२ मध्ये लंडनच्या मॉर्गन आणि ट्रायडंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. ‘येस’मधले स्टीव्ह हाउ, ख्रिस स्क्वायर, बिल ब्रूफर्ड आणि ॲलन व्हाइट, तसेच वेकमन यांच्या आधीच्या ‘स्ट्रॉब्ज’ बँडमधले डेव्ह कझिन्स आदी वादक साथीला होते.

राजा-राण्यांच्या विषयामुळे हा अल्बम मध्ययुगावरचा वाटू शकतो, पण हेन्रीची कारकीर्द १५०९ ते १५४७. इंग्लंडच्या इतिहासात मध्ययुगाची अखेर बहुधा १४८५ मध्ये, म्हणजे हेन्रीचे ट्यूडर घराणे गादीवर आले तिथे, मानतात. त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर हा विषय मध्ययुगाच्या उंबरठ्याबाहेरचा आहे. संगीतही त्या काळाचे नाही. ट्यूडर दरबारातल्या सुरावटी शोधत हा अल्बम ऐकणाऱ्याची निराशा होईल. अल्बममध्ये जागोजागी वाजणारा पियानो हेन्रीने कधी पाहिलाही नव्हता. ते वाद्य जन्माला आले ते सन १७०० च्या सुमारास, इटलीत. आपली शैली इतिहासाला धरून असेलच असे नाही, ही कळवाद्यांतून रंगवलेली व्यक्तिचित्रे आहेत, असे वेकमन यांनी वेष्टनावरच सांगितले होते. त्यांचे म्हणणे तसेच स्वीकारून ऐकले की अल्बम उलगडतो.

व्यक्तिचित्रांसाठी वेकमन यांनी जुनी-नवी कळवाद्ये एकत्र आणली : पियानो, हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे वाद्य), चर्चमधला ऑर्गन, विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉन आणि मिनीमूग हा छोटा सिंथेसायझर. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते. सुमारे आठ सेकंदांत ती संपते आणि सूर तुटतो. वादकाला त्याआधीच बोट उचलून पुढच्या सुरावर जावे लागते. मिनीमूगवर तर एका वेळी एकच सूर निघतो. अशा अडचणींच्या वाद्यांवर वेकमन यांनी जो वेग साधला, तो आजही थक्क करतो.

‘जेन सीमोर’ ही रचना अल्बमचा कळस म्हणावी लागेल. तिच्यासाठी लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला ऑर्गन वाजवला आहे. हे जुने चर्च दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत जळाले होते आणि नंतर पुन्हा उभे राहिले. मराठी संगीत नाटकांतल्या ऑर्गनमध्ये पितळी पात्या कंप पावतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये हवा लहानमोठ्या नळ्यांतून जाते आणि सूर सगळ्या वास्तूत घुमतो. सुरुवातीला एकट्या ऑर्गनचा तो घुमणारा नाद, त्यावर मग मिनीमूगची धारदार रेघ आणि व्हाइट यांचे ड्रम्स येतात. जेन ही हेन्रीला मुलगा देणारी राणी. ऑक्टोबर १५३७ मध्ये बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती गेली. शोक आणि राजवैभव दोन्ही एका वाद्यात मावते ते इथे.

‘कॅथरीन हॉवर्ड’मध्ये पियानोची हळुवार धून आणि कझिन्स यांचा बँजो आहे. १५४२ मध्ये शिरच्छेद झालेली ही राणी तेव्हा विशीच्या आसपास होती, हे ठाऊक असले की ती धून ऐकवत नाही. ‘ॲन बोलिन’ १५३६ मध्ये मारल्या गेलेल्या राणीवर आहे. या रचनेचा शेवट ‘द डे दाउ गेव्हेस्ट’ या सायंप्रार्थनेच्या चालीने होतो. हे स्तोत्र १८७० मधले, म्हणजे ॲनच्या मृत्यूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेले. तरीही मावळत्या दिवसाची ती चाल तिथे इतकी शोभते की कालविसंगती खटकत नाही. ‘ॲन ऑफ क्लीव्ह्ज’ सर्वांत मोकाट, ‘कॅथरीन पार’ हॅमंडच्या घोडदौडीची. ‘कॅथरीन ऑफ ॲरॅगॉन’ आरंभी असली, तरी पुढचा क्रम विवाहांचा नाही. हेन्रीवरची स्वतंत्र रचना एलपीवर जागा नसल्याने गळाली.

वेष्टनावर मादाम तुसाद संग्रहालयातल्या मेणाच्या राण्यांसमोरून जाणारे वेकमन दिसतात. मागे पडद्याच्या फटीत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष निक्सन यांचा पुतळाही डोकावतो.

प्रकाशनाच्या आठवडाभर आधी, १६ जानेवारीला, वेकमन यांनी बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ कार्यक्रमात यातले भाग वाजवले. त्याच रात्री दुसऱ्या वाहिनीवरचा अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यावरचा वादग्रस्त माहितीपट न्यायालयाने रोखला, आणि तो पाहायला बसलेले प्रेक्षक आपल्याकडे वळले, असे वेकमन सांगत आले आहेत. अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सातव्या आणि अमेरिकेत तिसाव्या स्थानापर्यंत गेला. १९७५ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरवर अल्बम केला. त्याचा विषय खराखुरा मध्ययुगीन आहे, पण तो निव्वळ वाद्यसंगीताचा नाही; त्यात गायन आणि निवेदन आहे.

हेन्रीच्या राज्यारोहणाला ५०० वर्षे झाली तेव्हा, १ आणि २ मे २००९ रोजी, वेकमन यांनी हेन्रीच्याच हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात वाद्यवृंद आणि गायकवृंदासह हा अल्बम सादर केला. गळालेली हेन्रीवरची रचना, ‘डिफेंडर ऑफ द फेथ’, तेव्हा त्यात सामील झाली.