आयटीआयच्या विद्यार्थी-कामकाजात मोबाइल कसा आला

कोल्हापूरची ओळख वसतिगृहांची. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं, मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात मुलाची राहण्या-जेवणाची सोय झाली की त्याचं अर्धं काम झालं, असं मानलं जाई. नोंदीसाठी हजेरीची वही पुरायची.

१९५० च्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय उभ्या राहिल्या आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे त्यांची मुलं कारखान्यांत जाऊ लागली. उद्यमनगर, शिरोलीच्या फाउंड्री-मशिनशॉपना फिटर, टर्नर, मशिनिस्ट हवेच होते. पण यातली बरीच मुलं राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडून रोज एसटीने येणारी. वर्कशॉप सुटलं की पळत स्टँड गाठायचं, तिथे फळ्यावरची सूचना वाचणार कोण?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ट्रेडवार (फिटर, टर्नर अशा एकेका अभ्यासक्रमाचे) व्हॉट्सअॅप ग्रुप निघाले. खरी निकड मात्र २०१७-१८ पासून महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलने आणली. शिष्यवृत्तीचा अर्ज आता विद्यार्थ्यानेच भरायचा. ओटीपी मोबाइलवर, पैसे आधार जोडलेल्या खात्यात. गाडी अडते ती इथेच. आधारला नंबर वडिलांचा जोडलेला असतो आणि वडील शेतात. किंवा दुसऱ्या बँकेत खातं काढताना आधार नव्याने जोडलं जातं. रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि मुलगा जुनं पासबुक घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभा. म्हणून अर्ज भरण्याआधीच आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते तपासून घ्यावं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही तेव्हाच पाहावी. अर्ज त्रुटीसाठी परत आला तर लॉग-इन करून तो दुरुस्त करावा लागतो; मुलं पोर्टल पुन्हा उघडतच नाहीत, त्यामुळे परत आलेल्यांची यादी लिपिकाने दर आठवड्याला काढलेली बरी.

२०२० च्या टाळेबंदीत ग्रुपच वर्ग झाले. ‘ओके सर’च्या रांगेत परीक्षा अर्जाची तारीख वाहून जाऊ लागली. फक्त अॅडमिननेच लिहायची सोय व्हॉट्सअॅपवर २०१८ पासून आहे. सूचनांसाठी असा वेगळा ग्रुप आणि शंकांसाठी निदेशकांचा (शिकवणाऱ्यांचा) दुसरा, एवढ्याने बराच गोंधळ टळतो. सूचनेचा नुसता फोटो ग्रुपवर टाकू नये, कारण नंतर ती शोधता येत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइलवर पेस्ट केला की अगम्य अक्षरं उमटतात, तेव्हा युनिकोडच वापरावं. शेवटची तारीख पहिल्याच ओळीत हवी.

आणि जातीचे दाखले, आधारच्या झेरॉक्स ग्रुपवर मागवू नयेत. शंभर मोबाइलमध्ये गेलेली प्रत परत घेता येत नाही. ती खिडकीवर द्यावी, नाहीतर थेट पोर्टलवर चढवावी.