मलावीने मोजणं सोडलं तेव्हा

एचआयव्ही आईकडून बाळाकडे तीन वाटांनी जातो: पोटात असताना, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. आईच्या रक्तातला विषाणू औषधांनी दाबून ठेवला, तर पाचांहून कमी.

1999 साली युगांडातल्या कंपालामधल्या अभ्यासाने मोठी आशा दाखवली होती. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस. तेव्हाच्या दुसऱ्या औषधाच्या छोट्या कोर्सपेक्षा लागण जवळपास निम्मीच झाली. पण हे औषध रक्तात कितीतरी दिवस रेंगाळतं, तेही एकटंच. त्यामुळे त्याला दाद न देणारे विषाणू आईच्या शरीरात वाढू लागत. शिवाय बाळ पुढे वर्ष-दीड वर्ष अंगावर पिणार, त्या दुधाचं काय?

म्हणजे आईलाच रोजचे पूर्ण उपचार हवेत. पण ते कोणाला द्यायचे, हे तेव्हा रक्तातल्या सीडी-4 पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकार करणाऱ्या पेशी) मोजून ठरायचं आणि आफ्रिकेतल्या मलावीत ती मशीनच मोजकी. 2011 मध्ये मलावीने ही अटच काढली. गरोदर किंवा पाजणारी बाई बाधित निघाली, की मोजणी न करता गोळ्या सुरू, त्याही जन्मभर. तीन औषधं एका गोळीत, रोज एक. तिथे बाईला एकामागून एक बाळंतपणं येतात; दर वेळी औषध बंद-चालू करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. आधी तीन महिन्यांत 1,257 बायकांना उपचार सुरू झाले होते, वर्षभरानंतर तेवढ्याच काळात 10,663 जणींना. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच वाट धरली. एका गरीब देशाने जगाला दाखवलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

पैसा मात्र बाहेरचा होता: एड्स, क्षयरोग आणि मलेरियाशी लढायला देशांना पैसा देणाऱ्या ग्लोबल फंडाचा आणि अमेरिकेच्या ‘पेपफार’ या एड्सविरोधी मदत योजनेचा. तो पुरला, कारण औषधं स्वस्त झाली होती. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तीन औषधांचे वर्षाचे उपचार 350 डॉलरमध्ये देऊ केले. त्याआधी तेच दहा हजारांच्या घरात होते.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली. जीवरक्षक औषधांना पुढे सूट मिळाली, पण मधल्या काळात अनेक ठिकाणची कामं थांबली. गोळ्या सुटल्या की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वर येतो, आणि बाळ तर अजून अंगावर पीत असतं.