तंबाखूला चुना लागतो तो कशासाठी?

उद्यमनगरात लेथपाशी उभा कामगार तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखानं चुना लावतो, अंगठ्यानं मळतो, दोन थापा मारून धूळ उडवतो आणि बार खालच्या ओठाआड सोडतो. यातली खरी करामत चुन्याची.

चुन्यानं तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप) चढतो. तो ७ असताना जेमतेम ९ टक्के निकोटीन मोकळं असतं. ८ ला निम्मं, ९ ला ९० टक्के. मोकळं निकोटीनच तोंडाच्या अस्तरातून सरळ रक्तात उतरतं. म्हणून चुना कमी पडला की बार 'लागत' नाही. पण तोच चुना अस्तर भाजतो, आणि त्या वाटेनं बाकीचंही आत शिरतं. पान वाळवताना-मुरवताना एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइन्स तयार होतात. माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दोन्ही आहेत. विडी नाही, धूर नाही, मग काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता राखणदारांचं काय होतं? हिरडीच्या फटीतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सतत बाहेर पडून जंतू गिळत असतात. प्रयोगशाळेत निकोटीनच्या सहवासात त्यांची जंतू मारण्याची ताकद घटलेली दिसते. जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या, मॅक्रोफेज पेशींवर तर निकोटीनला बसायला जागाच असते. ते बसलं की टीएनएफसारखे धोक्याचे संदेश कमी सुटतात. इकडे भाजलेलं अस्तर मात्र रोज दाह पेटता ठेवतं. म्हणजे आरडाओरडा चालू आणि पहारेकरी पेंगलेले. डीएनए बिघडलेली पेशी टिपायची तीही नेमकी इथेच.

बाराच्या जागी अस्तर पांढरट, सुरकुतलेलं होतं. शेजारची हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि गार पाण्यानं ठणकतं. पांढरा चट्टा स्वतः दुखत नाही, हाच घोळ. तव्यावर भाजलेल्या मशेरीनं दात घट्ट होतात हा समजही खोटा. भाजल्यानं ही तंबाखूच राहते, फक्त बोटानं सगळ्या हिरड्यांना लागते.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा घ्या. ओठ उलटा करून, गाल ताणून, जीभ बाहेर काढून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दंतवैद्य गाठा. सोबत सुपारी असेल तर तोंड आखडत जाऊ शकतं, म्हणून आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का, तेही तपासा.

बार बंद केल्यावर साधा चट्टा बहुधा २ ते ६ आठवड्यांत विरतो. राहिला तर तुकडा काढून तपासावा लागतो. खाली गेलेली हिरडी मात्र आपोआप वर येत नाही.

तंबाखू सोडायला डॉक्टरांनी निकोटीन गम दिला तर तो च्युइंगगमसारखा चघळत बसू नका. हळू चावा, झिणझिण्या आल्या की गालाआड ठेवा, त्या ओसरल्या की पुन्हा चावा. एक गम साधारण अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. आंबटानं तोंडाचा सामू उतरतो आणि निकोटीन अस्तरातून जाईनासं होतं. चुन्याचंच गणित, उलटं. गम लागत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी काढणाऱ्याला आधी चहाचं विचारावं. मोफत सल्ल्यासाठी १८००-११-२३५६.